संडासाच्या दारासमोर कोण बसतं?

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाई यंदा मला म्हणाल्या, "सिस्टर, प्रवासवर्णनं पुष्कळ झाली. तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहा ना. नर्सिंग म्हणजे केवढी सेवा!" मी म्हटलं, "बाई, माझी नोकरी लोकांची पोटं साफ करून घेण्याची होती. माझ्या शेजारच्या पानावर कुणाच्या अनारशांची कृती येणार नाही, तेवढं बघा." त्यांना वाटलं, मी गंमत करतेय. तर वाचकहो, फराळाची बशी हातात असेल तर आधी ती संपवा. मला घाई नाही.

मी मूळची मिरजेची. तिकडे एका गल्लीत चार नर्सा सहज सापडतील, त्यामुळे मी काही जगावेगळं केलं नाही. यजमान विमा कंपनीत. त्यांची बदली झाली म्हणून जयपूरला आलो आणि 'पुढच्या वर्षी परत जाऊ' म्हणता म्हणता इथलेच होऊन बसलो. लेक इथेच वाढली. 'मतलब' घातल्याशिवाय तिचं मराठी वाक्य पुढे सरकत नाही. हा लेख लिहायला बसले तर म्हणाली, "आई, मतलब, तू हे खरंच छापणार? नावासकट?" म्हटलं, नावासकट. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लाजा मोडल्या, आता स्वतःची कुठे धरून बसू?

इथल्या एका खाजगी हॉस्पिटलात दुर्बिणीच्या खोलीत माझ्या नोकरीचा मोठा भाग गेला. दुर्बीण म्हणजे करंगळीपेक्षा जरा जाड, लवचिक नळी. टोकाला दिवा आणि कॅमेरा. ती मागच्या दारानं आत घालून मोठं आतडं शेवटपर्यंत बघतात. पेशंटला झोपेचं इंजेक्शन असतं, त्याला काही कळतही नाही. उठल्यावर विचारतो, "कधी सुरू करणार?" तपासणी अशी सोपी. अवघड असते ती आदली तयारी. आतडं रिकामं आणि धुतल्यासारखं स्वच्छ हवं. आत मळ राहिला तर डॉक्टर कितीही हुशार असोत, त्यांना तेवढाच दिसणार. आणि ज्याच्यासाठी शोधाशोध चाललेली असते, ते वाटाण्याएवढं काहीतरी नेमकं त्या मळाखाली दडून बसलेलं असतं.

म्हणून आदले दोन-तीन दिवस पालेभाज्या, सालीची डाळ, बियांची फळं, बाजरीची भाकरी, सगळं बंद. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसेल असं पातळ: पाणी, गाळलेलं लिंबूपाणी, शहाळं, बिनदुधाचा चहा, डाळीचं वरचं निवळ पाणी. लाल रंगाचं काही नको, कारण गुलाबाचं सरबत आत जाऊन रक्तासारखं दिसतं. लोहाच्या गोळ्या आणि इसबगोल आधीच थांबवायचे. साखरेच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून ठरवायचं, स्वतःच्या डोक्यानं नाही. आणि मग ती पावडर. पाण्यात कालवायची, थोड्या थोड्या वेळानं एकेक ग्लास प्यायचा, अर्धी आदल्या संध्याकाळी आणि अर्धी तपासणीच्या दिवशी पहाटे. चव म्हणाल तर समुद्रात लिंबू पिळल्यासारखी. थंड करून, स्ट्रॉनं, मध्ये येरझाऱ्या घालत प्यावी, म्हणजे उतरते. मग पोट वाहायला लागतं आणि वाहतच राहतं. शेवटी शेवटी नुसतं पिवळसर स्वच्छ पाणी पडलं की तयारी झाली. सकाळी पेशंट आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "शेवटच्या खेपेला रंग कसा होता?" नमस्कार-चमत्कार त्यानंतर.

या प्रश्नाला लोक जेवढं खोटं बोलतात तेवढं कोर्टातही बोलत नसतील. "एकदम साफ, सिस्टरजी, काच!" असं छातीठोक सांगणाऱ्याच्या पोटात भेंडी निघालेली मी पाहिली आहे. आपली मराठी माणसं तर विचारू नका. 'काही खायचं नाही' म्हटलं की यांचा उपास सुरू होतो आणि उपास म्हटला की साबुदाण्याची खिचडी आलीच, वर दाण्याचा कूट. पुण्याहून इथे आलेला आयटीतला एक पोरगा. त्यानं सगळ्या सूचना मोबाईलवर गजर लावून पाळल्या आणि वर लिंबू सरबतात चमचाभर सब्जा घातला. "मावशी, थंड असतो ना तो?" असतो रे बाबा. पण तो फुगून दुर्बिणीच्या तोंडाला चिकटला आणि आम्ही सगळे पडद्यावर बेडकाची अंडी बघत बसलो. एक गृहस्थ पावडरीला जोर यावा म्हणून जोडीला इसबगोल घेऊन आले. कप्पाळ माझं! पोट साफ करायचं औषध ना, मग दोन्ही घेतलेली बरी, असा हिशेब. इसबगोल आत जाऊन खळ होऊन बसला.

सांगानेरच्या एका कापडछपाईवाल्या काकांनी तर कहर केला. बोटं कायमची निळी झालेला साधा माणूस. वेळ वाचावा म्हणून त्यांनी पहाटेचा डोस पिशवीत घेतला आणि बसमध्ये बसून घोट घोट पीत निघाले. टोंक रोडवर अर्ध्या वाटेत बस थांबवून उतरले आणि समोर दिसलेल्या पहिल्या घराची कडी वाजवली. घरातल्या बाईनं एक शब्द न विचारता आत घेतलं. वर चहा विचारला. "बिनदुधाचा असेल तर घेतो," काकांनी सांगितलं. मला हे सांगताना त्यांना बाकी कशाचं काही नव्हतं, बिनदुधाचा मागितला याचाच अभिमान होता. मी म्हटलं, काका, पहिल्या नंबरानं पास.

हे झालं हसण्यावारी न्यायचं. पण या सगळ्यांच्या नंतर मी पेशंटला एक प्रश्न जास्तीचा विचारायला लागले. "घरात संडास किती, आणि त्याच्या दारासमोर कोण बसतं?" नवीन डॉक्टर माझ्याकडे असे बघायचे, की जणू मी घर भाड्यानं घ्यायला आले आहे. हा प्रश्न मला अश्विनीनं शिकवला. आज खरं तर तिचंच सांगायचं आहे.

अश्विनी जळगावची. वय तिशीच्या पुढे थोडंसं. कॉलेजात असताना पुण्यात एका जयपूरच्या मुलाशी ओळख झाली, लग्न झालं आणि जुन्या शहरात, परकोट्याच्या म्हणजे जुन्या तटाच्या आत, एका भरल्या घरात ती सून म्हणून आली. सासऱ्यांचं रजया आणि चादरींचं दुकान. नवरा, विनीत, आता ते बघतो. ही सी-स्कीम भागात एका ऑफिसात हिशेबाचं काम करायची. वर्षभर शौचातून अधूनमधून रक्त पडत होतं, चेहरा पांढराफटक झाला होता, जिना चढली की धाप लागायची. "मूळव्याध असेल," ती म्हणाली. आमच्याकडे येणारे सगळे आधी मूळव्याधच म्हणतात.

आमचे डॉक्टरसाहेब शांत माणूस. त्यांनी विचारलं, घरात कुणाला आतड्याचा काही आजार? ती म्हणाली, "पपांना होता. कॅन्सर. तेही दोन वर्षं मूळव्याधच म्हणत होते." वडील गेले तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. डॉक्टरसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि तिला नीट समजावलं, की हे काही वेळा वडिलांकडून मुलांकडे येतं, लवकर सापडलं तर तिथल्या तिथे काढता येतं, उशीर झाला तर नाही. तेव्हा बघायलाच हवं, आणि आत्ताच.

तिला तयारीची सगळी पोथी मी सांगितली. हिंदीत सुरुवात केली, तर मध्येच तिनं "कोमट चालेल का?" म्हणून विचारलं. अगं बाई, मराठी! मग काय, मी घरचीच झाले. सिस्टरची मावशी व्हायला पाच मिनिटं पुरली.

ठरल्या दिवशी ती आली. बरोबर विनीत आणि सासूबाई. सासूबाईंचं नाव कमलाजी. डोक्यावरून पदर, ओठ घट्ट मिटलेले, हातात देवळातल्या प्रसादाचा द्रोण. बाहेरच्या बाकावर बसल्या त्या हलल्या नाहीत. रंग विचारल्यावर अश्विनी म्हणाली, "साफ, मावशी." नजर मात्र खाली. आत गेल्यावर डॉक्टरसाहेबांनी थोडं पुढे जाऊन नळी बाहेर घेतली. काही दिसतच नव्हतं.

असं होतं कधीकधी. पुन्हा तारीख दिली, पुन्हा सगळं समजावलं. दुसऱ्यांदाही तेच. या वेळी मला राग आला, लपवत नाही. एकेका तारखेसाठी लोक ताटकळत असतात आणि इथे एक शिकलेली मुलगी दोनदा अर्धवट पिऊन येते आणि तोंडावर खोटं बोलते! डॉक्टरसाहेब म्हणाले, "सिस्टर, चिडू नका. वडिलांचं पाहिलंय तिनं. मनातून तिला काही कळूनच घ्यायचं नसेल." ते मला पटलं. भीतीपोटी माणसं काय काय करतात हे बघण्यातच माझी नोकरी गेली होती.

ती झोपेतून पूर्ण जागी झाली तेव्हा मी पडद्याआड तिच्याजवळ स्टूल ओढून बसले. म्हटलं, "अश्विनी, किती प्यायलीस खरं सांग. इथे मी सोडून मराठी कुणाला कळत नाही."

"अर्धीपण नाही."

"बाकीची?"

"मोरीत ओतली."

"का गं? घाबरलीस? काही निघेल म्हणून?"

तिनं मान हलवली. "नाही मावशी. निघायचं ते निघू दे, एकदा कळलं तर बरंच. मला झोप लागत नाही या विचारानं." मग उशीच्या खोळीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आमचा संडास चौकात आहे. बाबूजींच्या तख्तासमोर."

मला आधी कळेचना. मग तिनं सांगितलं ते असं. जुनं घर, मध्ये चौक. चौकाच्या एका अंगाला संडास, आणि त्याच्या बरोबर समोर सासऱ्यांचं लाकडी तख्त. दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून बाबूजी दिवसभर तिथे बसतात. पहाटे पूजा करून बसले की त्यांचे दोन-तीन मित्र चहाला येतात, संध्याकाळी पुन्हा तेच. वरच्या मजल्यावर दुसरा संडास आहे, पण वाट दिरांच्या खोलीतून. पहाटे दिराचं दार कोण वाजवणार?

"ते फार भले आहेत हो," अश्विनी म्हणाली. "मी चौकात उतरले की तोंड भिंतीकडे करतात. मित्रांना खूण करतात, सगळे बोलायचे थांबतात. आणि मग तेवढ्या शांततेत मी आत. मावशी, त्या पावडरीनं काय आवाज होतात तुम्हाला माहितीय ना? ते सगळे बाहेर गप्प बसलेले. दोनदा गेले, तिसऱ्यांदा मला जाववेना. पोटात कळा येत होत्या, पण मी वर खोलीत दाबून धरून बसले."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. घरात कुणी वाईट असतं तर भांडता तरी आलं असतं. भल्या माणसांशी भांडायचं कसं?

मी म्हटलं, विनीतला सांग. म्हणाली, "सांगितलं. तो म्हणतो, घरचीच तर माणसं आहेत, त्यात काय!" हॉस्पिटलात दाखल हो म्हटलं, तर आमच्या वॉर्डात बायकांना मिळून एक संडास आणि बाहेर रांग, ते आगीतून फुफाट्यात. मग मी म्हटलं, माझ्याकडे ये राहायला. माझ्या घरी दोन आहेत आणि आमचे हे तर टीव्हीचा आवाज इतका मोठा ठेवतात की शेजाऱ्यांचंही काही ऐकू येत नाही. त्यावर हसली, पण म्हणाली, "मम्मीजींना काय सांगू? सुनेला आमचं घर पुरलं नाही, असं होईल ते."

शेवटी मीच म्हटलं, "मग मम्मीजींशी मी बोलते."

तिनं माझा हात घट्ट धरला. मग म्हणाली, "बोला. पण माझ्यासमोर नको."

कमलाजींना मी खिडकीशी बाजूला घेतलं. सांगताना माझीच जीभ अडखळत होती. नको नको त्या गोष्टी मी अनोळखी पुरुषांना रोज विचारत आले, पण या बाईच्या मिटलेल्या ओठांपुढे शब्द सापडेनात. सगळं सांगून झालं. मला वाटलं, आता म्हणतील, आमच्या घराण्यात असलं बोलत नाहीत. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती.

मग विचारलं, "कितनी देर लगती है?"

मी म्हटलं, तपासणी दुपारी ठेवली तर सगळी पावडर त्याच दिवशी सकाळी घेता येते. उजाडल्यापासून दुपारपर्यंत घर मोकळं हवं.

"बुध को रखिए," एवढंच बोलून त्या बाकावर जाऊन बसल्या. डॉक्टरसाहेबांनी बुधवारी दुपारची वेळ दिली.

पुढचं सगळं मला नंतर अश्विनीनं सांगितलं, आणि सांगताना ती इतकी हसत होती की मला दोनदा थांबवावं लागलं.

इकडे श्रावणात, पाणी साचलं की, लोक धरणाच्या बांधावर नाहीतर बागेत सहलीला जातात. तिथेच चूल मांडायची, दाल-बाटी-चूरमा करायचा, खायचं, लोळायचं. तिला गोठ म्हणतात. कमलाजींनी रात्रीच्या जेवणात जाहीर केलं, की बुधवारी कानोत्याच्या बांधावर गोठ. घरातले सगळे पुरुष आणि मुलं जाणार, बाबूजींचे मित्रसुद्धा. पहाटेच निघायचं, आचारी सांगून ठेवलाय. बाबूजी म्हणाले, "बुधवारी? गोठ रविवारी असते. दुकान कोण बघणार?" कमलाजी म्हणाल्या, "मन्नत है." नवस! नवसापुढे कोण बोलणार? विनीतला तपासणीचं माहीत होतं, तो म्हणाला, मी थांबतो. त्याला सांगितलं, तू दुपारी थेट हॉस्पिटलात ये, मी आहे तिच्याबरोबर. मोठ्या जाऊबाईंनी विचारलं, कोणत्या देवाचा नवस हो? तर म्हणाल्या, "तू भी जा. बाटी गिन के खिलाना सबको."

बुधवारी उजाडता उजाडता दोन गाड्या भरून सगळं घर कानोत्याला रवाना झालं. कमलाजींनी चौकाचं बाहेरचं दार लावलं, पदर कंबरेला खोचला आणि बाबूजींच्या तख्तावर स्वतः मांडी घालून बसल्या. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. पावडरीच्या पाण्याचा जग भरलेला, शेजारी ग्लास. "चल, बींदणी. पी." बींदणी म्हणजे इकडे सून.

पहिले ग्लास गेले. मग अश्विनीला मळमळायला लागलं. ती म्हणाली, मम्मीजी, आता नाही जात. आता राजस्थानातली मनुहार तुम्हाला माहीत असेल. पाहुण्याला आग्रह म्हणजे नुसतं 'घ्या घ्या' नव्हे, तोंडात घास घालेपर्यंत सुटका नाही. आणि खाणाऱ्याला एकट्याला खाऊ देणं हा तर यजमानाचा अपमान. कमलाजींनी दुसरा ग्लास भरला आणि म्हणाल्या, "एक तू, एक मैं." आणि गटागटा प्यायल्या!

"मम्मीजी, वो दवाई है!"

"तो क्या? तू पी रही है ना?"

सासूनं ग्लास रिकामा केल्यावर सुनेला कुठलं तोंड उरतं? तीही प्यायली. आणि थोड्या वेळानं, अश्विनी आत असताना, दारावर थाप पडली. "बींदणी!" मग पुन्हा, जोरात. "बींदणी, जल्दी कर!" अश्विनी म्हणते, "मावशी, मी आत बसून हसतेय, त्या बाहेर एका पायावर उभ्या. मी बाहेर, त्या आत. मग आतून जो आवाज झाला! आणि त्या आतूनच ओरडल्या, 'सुन लिया? अब शरम खतम?' मी चौकात फरशीवर बसून पोट धरून हसत होते."

हे ऐकून मी कपाळावर हात मारला. त्या वयात, न विचारता असलं काही पिऊ नये, हे मी कमलाजींना नंतर चांगलं खडसावून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच गप्प बसले.

दुपारी अश्विनी आली. रंग विचारायची गरजच नव्हती, चेहऱ्यावर लिहिलं होतं. आत गेल्यावर पडद्यावर आतडं असं स्वच्छ गुलाबी दिसत होतं की डॉक्टरसाहेबसुद्धा "वा" म्हणाले. नळी पार टोकापर्यंत गेली. मागच्या दोन्ही खेपांना ते तिथवर पोचूच शकले नव्हते. तिथे, अगदी शेवटच्या वळणावर, एक चपटी वाढ पसरलेली होती. रंगानं आजूबाजूच्या अस्तरासारखीच. जरा मळ असता तर कुणाच्या बापाला दिसली नसती. आणखी एक छोटी अलीकडे, तिच्यातूनच रक्त येत असावं. डॉक्टरसाहेबांनी हळूहळू, खालून पाणी टोचून ती चपटी वाढ उचलली आणि पूर्ण काढली. मग छोटी. दोन्ही तुकडे मी नमुन्याच्या बाटल्यांत घातले आणि वर अश्विनीचं नाव लिहिलं.

रिपोर्ट यायला आठवडा गेला. तो आठवडा त्या घरानं कसा काढला असेल, ते जावे त्याच्या वंशा. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, की पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण कॅन्सर झालेला नव्हता. सगळं काठासकट निघालं होतं. आता ठरावीक मुदतीनं पुन्हा पुन्हा बघत राहायचं, एवढंच. अश्विनीनं तिथेच जळगावला आईला फोन लावला आणि तिला बोलताच येईना. शेवटी फोन मी घेतला आणि त्या माउलीला सांगितलं, "तुमची लेक सुटली हो." पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत होतं. मीही काही फार धीराची निघाले नाही.

विनीत पेढे वाटत सुटला होता. कमलाजी मात्र माझ्यामागे दुर्बिणीच्या खोलीच्या दारापर्यंत आल्या. इकडे तिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सिस्टरजी, वो पावडर मेरे लिए भी लिखवा दीजिए."

मला वाटलं, यांना तिची सवयच लागली की काय! म्हटलं, "किसलिए?"

"मुझे भी आता है. खून."

"कब से?"

"विनीत की शादी के पहले से."

म्हणजे किती वर्षं! मी विचारलं, कुणाला सांगितलं नाही? "किसको बोलती?" त्या म्हणाल्या. सून बोलली म्हणून त्यांना बोलता आलं. त्या दिवशी खिडकीपाशी चेहऱ्यावरची रेष का हलली नव्हती, ते मला आत्ता कळलं.

त्यांच्या तपासणीला गोठ लागली नाही. बाबूजींना तोवर सगळं कळलं होतं. नवस कुठल्याच देवाचा नव्हता, हेही. रागावतील असं सगळ्यांना वाटलं. ते स्वतःच तख्त उचलवून बाहेरच्या ओसरीवर घेऊन गेले आणि बायकोला म्हणाले, "इतना ही था तो बोल देती. मैं कौन-सा चौक साथ ले जाने वाला था?" इतक्या वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं. माणूस खरंच भला. मला त्यांचा राग करायचा होता, पण जमला नाही.

त्या दिवशी कमलाजींची सगळी पावडर अश्विनीनं पाजली, आणि स्वतः एक थेंबही घ्यायचा नाही, अशी शपथ मी तिच्याकडून आधीच घेतली होती. डॉक्टरसाहेबांनी टोकापर्यंत जाऊन निवांत पाहिलं. मी पडद्याकडे बघायचं टाळत होते. इतकी वर्षं रक्त पडतंय म्हटल्यावर माझ्या मनात काय काय येऊन गेलं असेल, सांगायला नको. पण गाठ नव्हती, व्रण नव्हता. आतली मूळव्याध. आयुष्यभर सगळ्यांना 'मूळव्याध नसेल, तपासून घ्या' म्हणत आले, आणि इथे खरोखरच ती निघाली. डॉक्टरसाहेबांनी त्याच वेळी त्या मूळव्याधीला बारीक रबरी कड्या घालून टाकल्या.

कमलाजी जाग्या झाल्या तेव्हा मी आणि अश्विनी दोघी जवळ होतो. मी म्हटलं, "बवासीर है, कमलाजी. और कुछ नहीं."

"बस?"

"बस."

त्या छताकडे बघत पडून राहिल्या. "इतनी-सी बात थी," त्या म्हणाल्या. मग हळूहळू सांगू लागल्या. भावाच्या मुलाच्या लग्नाला गेल्या नाहीत, परक्या घरी डाग पडला तर? हरिद्वारला सगळ्या जावा गेल्या, या घरी थांबल्या, बसचा प्रवास म्हणून. देवळातसुद्धा मागे बसायच्या. आणि गेल्या तीजेच्या सणाला आपली सोन्याची दोन्ही कडी काढून सुनेच्या हातात घातली होती. "सोचा, जाने से पहले अपने हाथ से दे दूँ."

अश्विनीला हे माहीतच नव्हतं. तिला वाटलं होतं, सणाचं दिलं. ती एकदम उठली, दोन्ही कडी हातातून उतरवली आणि सासूच्या मनगटात घालू लागली. कमलाजींनी तिचा हात धरून ठेवला.

"रहने दे," त्या म्हणाल्या. "अब तो टाइम है मेरे पास. मैं नए बनवाऊँगी."

एवढं बोलल्या आणि मग मात्र त्या रडायला लागल्या, मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. मी बाहेर आले आणि पडदा ओढून घेतला.